कॉलरचं बटण, कोटाचं बटण

५ फेब्रुवारी, सोमवार

— आणि वर मलाच म्हणते, "आई, तुझा आता भरवसा नाही!" माझा भरवसा नाही! जिला सुईत दोरा ओवायला मी शिकवलं, तिला माझा भरवसा नाही. आली तीच तणतणत. एक चप्पल दारात, एक जिन्यात. फडताळ उघडलं, माझ्या बटणांच्या दोन्ही डब्या उचलल्या आणि पिशवीत टाकल्या. म्हटलं, अगं गुंडे, कामाच्या डब्या आहेत त्या! तर म्हणे, "त्याच डब्यांनी जीव घेतला असता तुझा."

गुंडी म्हणजे माझी मुलगी. कागदावर नाव वेगळं आहे, पण बटणांत लोळत वाढली म्हणून यांनी गुंडी म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं. आता लग्न झालंय, दुकानात हिशोबाला बसते, चार माणसांवर हुकूम चालवते. आणि रविवारी माझ्यावर.

डब्यांच्या जागी ठेवलं काय, तर प्लास्टिकचा सात खणांचा डबा, प्रत्येक खणात सकाळच्या गोळीचा कप्पा वेगळा. सोम, मंगळ, बुध. म्हणजे मला वारही कळत नाहीत! दर रविवारी ती येऊन भरणार, मी फक्त खण उघडायचा. आणि दोन मार्चला डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. तोवर साखर ताळ्यावर आली नाही, वहीत घोळ दिसला, की खोली सोडायची, काम सोडायचं आणि तिच्याकडे जाऊन राहायचं. ठरवूनच आली होती. जावईबापूंनी पलंगसुद्धा बघून ठेवलाय म्हणे.

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली, बोट टोचून साखर मोजायच्या मशीनबरोबर. "गोळी, वेळ, खाणं आणि साखरेचा आकडा, एवढंच लिहा," म्हणाल्या. पुढच्या पानांवर तेवढंच लिहीन. ही मागची पानं माझी. चौथीपर्यंत शाळा झाली ती काय आकडेच लिहायला?

६ फेब्रुवारी, मंगळवार

काय झालं ते एकदा सरळ लिहून टाकते. सगळे आपापल्या परीने सांगत सुटलेत.

मी काज-बटणवाली. मास्तरांच्या शिलाईच्या कारखान्यात एकतीस वर्षं. बटण मी बघत नाही, बोटाने ओळखते. कॉलरचं बारीक, शर्टाचं मधलं, कोटाचं मोठं. पुड्यावर काय छापलंय ते वाचत बसलं तर दिवसाला दोन शर्ट होतील.

गोळ्यांचंही तसंच केलं. साखरेच्या दोन गोळ्या आहेत मला. एक बारीक, सकाळी नाश्त्याबरोबर एकच. एक मोठी, दोन्ही जेवणांनंतर. आणल्या की पट्टीतून सगळ्या सोलायच्या, बारीक कॉलरच्या डबीत, मोठ्या कोटाच्या डबीत. दोन वर्षं बिनघोर चाललं होतं.

गेल्या महिन्यात औषधवाल्याने बारीक गोळी दुसऱ्या कंपनीची दिली. तो म्हणाला होता, "बाई, औषध तेच, फक्त दिसायला वेगळी आहे हां." मी हो हो केलं. घरी येऊन पट्टी सोलली, तर ही मोठी, गोल, पांढरी. हाताने आपलं काम केलं. मोठी म्हणजे कोटाची! टाकली सगळी कोटाच्या डबीत. वर ढवळलीसुद्धा, बटणं ढवळतात तशी.

मग काय. कॉलरच्या डबीत जुन्या थोड्या होत्याच, त्या सकाळी चालू. आणि कोटाच्या डबीतून दोन वेळा जी हाताला येईल ती. कधी बरोबर, कधी साखर खाली ओढणारीच, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. आठवडाभर हात थरथरायचे, दुपारी घाम यायचा. मला वाटलं, वय झालं.

तीस जानेवारीला बँडवाल्यांचे कोट द्यायचे होते. एकेकाला अठरा बटणं! जेवायला कोण उठतंय? पण गोळी चुकवायची नाही म्हणून जेवणाच्या डब्याला हात न लावता गोळी तेवढी घेतली. काय शहाणी मी! तासाभरात बटणाची चार भोकं आठ दिसायला लागली. घामाने पोलकं भिजलं. इस्त्रीवाली म्हणते, मी तिला माझ्या सासूच्या नावाने हाक मारली आणि "कोट उलटा शिवलाय तुम्ही" म्हणून भांडले. मग खुर्चीवरून खाली. नशीब, गिळण्याइतकी शुद्ध होती. मास्तरांनी साखरेचं पाणी करून पाजलं. दवाखान्यात नेऊन बोट टोचलं तेव्हा, साखरपाणी पोटात जाऊनसुद्धा, बावन्न. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही गोळी पोटात घास असेल तरच, जेवण नाही तर आधी मला विचारायचं. मग म्हणाल्या, "गोळ्या कुठायत, बघू." मी पिशवीतून डब्या काढल्या. बाईंनी दोन्ही टेबलावर ओतल्या आणि गोळ्या निवडत बसल्या.

चूक माझी. लिहिलं. आता पुन्हा कोणी विचारू नका.

७ फेब्रुवारी, बुधवार

गोळी घेतली. नाश्ता केला. साखर १३८. झालं समाधान?

९ फेब्रुवारी, शुक्रवार

बुधाचा खण, गुरूचा खण. टक्क करून उघडतो, टक्क करून मिटतो. माणसाच्या हाताची सर नाही त्याला.

आमच्या यांनाही साखर होती. माझ्याआधी सहा वर्षं. हे कारखान्यात कटर. कापड बेतायला बसले की दुसरा कोणी श्वास घ्यायचा नाही. मला साखर निघाली तेव्हा मी डॉक्टरांच्या दारातच भांडले, की मी गोड खात नाही तर मला कशी! हे शांत. घरी आल्यावर मोठी कात्री काढली आणि पट्टीचे तुकडे केले, एकेक गोळीचा एकेक चौकोन, धार अशी सरळ की बोट कापेल. रोज सकाळी माझ्यासमोर तळहात धरायचे. त्यावर तो चौकोन. खडूची पूड कायम त्या हातावर, निळी नाहीतर पांढरी. "घे. आधी चहा पी, बिस्कीट खा, मग घे."

मी कधी विचारलं नाही गोळीचं नाव काय. तळहात पुढे आला की घ्यायची. चार वर्षं! त्या चौकोनावर नाव पुरतं नसायचंच म्हणा. अर्धं नाव याच्यावर, अर्धं त्याच्यावर. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बसले आणि वाट बघत राहिले. कशाची तेच लक्षात येईना. घरात माणसं जमलेली, कोणाला सांगणार.

तेव्हापासून डब्या. कात्रीला हात लावावासा वाटेना.

११ फेब्रुवारी, रविवार

गुंडी आली. डब्या परत दिल्या. आत नुसती बटणं. "शपथ घे, गोळी टाकणार नाहीस." म्हटलं, लहानपणी तूच नाकात बटण घातलं होतंस, तेव्हा मी तुला शपथ घातली का? हसली. खूप दिवसांनी हसली.

मग मी म्हटलं, चल औषधवाल्याकडे. मला नावं वाचायची आहेत. बावन्न वर्षांच्या बाईला सोमवार-मंगळवार खेळवू नकोस.

औषधवाला भला माणूस. दोन्ही पाकिटं समोर ठेवली. नावं परक्या अक्षरांत, मला ती कुठून येणार? त्याने पाकिटांवर जाड पेनाने आपल्या अक्षरांत लिहून दिलं. एकावर "सकाळी, खाण्याबरोबर, एक. खाणं नाही तर ही गोळी नाही". दुसऱ्यावर "जेवणानंतर, दोन वेळा". म्हणाला, "आकार बदलेल, रंग बदलेल, कंपनी बदलेल. कंपनीचं मोठं नाव सोडा, त्याखालचं औषधाचं नाव बदलणार नाही. नवीन पाकीट आलं की जुन्यापाशी धरून नावाचं अक्षर न् अक्षर जुळवायचं. त्याखालचा ताकदीचा आकडासुद्धा. नाही जुळलं तर घ्यायची नाही, माझ्याकडे यायचं." मी म्हटलं, म्हणजे कापडाचा नमुना जुळवतात तसं. "तसंच!" मग आधीच का नाही असं सांगितलंस बाबा!

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज कारखान्यात गेले. मास्तर दारातच, "वहिनी, अजून थोडे दिवस आराम करा ना." आराम! मी म्हटलं, मास्तर, माझी जागा कोणाला दिलीत का? नाही म्हणाले. मग सरका.

खिडकीपाशी माझी जागा. समोर यांचं कापायचं टेबल. टेबलाच्या कडेला कात्रीचे बारीक बारीक व्रण, वर्षानुवर्षांचे. आता त्यावर तयार मालाची पोती असतात. पूर्वी आम्ही अकरा बायका होतो. रेडिओ चालू, त्यावर चढ्या आवाजात आमच्या गप्पा, मास्तर ओरडायचे, "तोंडं शिवून टाकीन!" आणि कोणीतरी म्हणायचं, "काज आधी करा, मग बटण लावा!" हसून हसून सुया टोचायच्या. गुंडी टेबलाखाली चिंध्यांवर झोपायची, उठली की बटणं मांडून मोजायची. शंभरापर्यंत तिथेच शिकली. हे वरून खडूचा तुकडा खाली सोडायचे, ती फरशीवर माणसं काढायची.

आता आम्ही तीन. मी, इस्त्रीवाली आणि मशीनवर एक मुकी-मुकी बाई, कानात सतत गाणी. रेडिओ कधी गेला आठवतसुद्धा नाही.

गुंडीच्या घरी काय कमी आहे? पलंग आहे, पंखा आहे, नातू होईल कधीतरी. पण हे टेबल नाही. हे मी तिला तोंडाने कसं सांगू? रडायला लागेल. मग मीही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळची गोळी राहिली! जेवले, भांडी घासली, आडवी झाले. सकाळी बुधाचा खण बघते तर आत बसलीय, माझ्याकडे बघत.

पहिला विचार आला तो खरा लिहिते. दोन्ही एकदम घेऊन टाकते, हिशोब बरोबर. वहीत काल "घेतली" लिहिते. कोणाला कळतंय? हात पुढे गेलाही. मग बावन्न आठवलं आणि बटणाची आठ भोकं. दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहिली ती राहिली. दुप्पट कधीच नाही. आजची आजच्या वेळेला घ्या." रागावल्या नाहीत. "लिहा मात्र," म्हणाल्या.

लिहिलं. पुढच्या पानावर, शाईने. गोळी राहिली. आता गुंडी बघेल आणि पलंगावर चादर घालेल.

१७ फेब्रुवारी, शनिवार

ट्रंक आवरली. यांचा राखाडी कोट. खिशात हात घातला — तीन चौकोन! सरळ धारेचे. गोळ्या आत तशाच.

बराच वेळ तळहातावर धरून बसले. माझ्याच हातावर. हात तसा दिसत नाही, लहान आहे.

मनात आलं, यांच्या हातची शेवटची. एक घ्यावी. काय होणार आहे! मग उलटवून बघितलं. एकावर नावाचं शेपूट, एकावर नुसती रेघ, तिसऱ्यावर काहीच नाही. तारीख कुठल्या तुकड्यावर गेली देव जाणे. यांची का माझी तेही कळेना. इतका नीट माणूस, आणि कापताना नेमकं नावच कापायचा. पहिल्यांदा राग आला यांचा. म्हणजे गेल्यानंतर पहिल्यांदा. बरं वाटलं जरा.

औषधवाल्याकडे नेऊन दिल्या. तो म्हणाला, टाकून देतो नीट. मी म्हटलं, माझ्यासमोर नको.

२० फेब्रुवारी, मंगळवार

साखर १२६. पिशवीत खडीसाखरेची पुडी आहे. इस्त्रीवालीला दाखवून ठेवली, मी सासूला हाक मारली की ही तोंडात घाल.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

इस्त्रीवाली म्हणते कशी, "ताई, मलाही साखर निघाली म्हणतात. दवाखान्यात रांग फार. तुमच्यातली एक द्या की, बघते घेऊन."

"ही काय टिकली आहे, माझी तू लावायला?"

"एकीने काय होतं!"

"मी खाली पडले तेव्हा कोण किंचाळत होतं? तूच ना? तेव्हा काय झालं होतं? एकीनेच!"

फुगली. दुपारभर इस्त्री आदळत होती. शेवटी म्हटलं, शनिवारी चल माझ्याबरोबर, रांगेत मी उभी राहते, तुझं तोंड बघून सगळे पुढे सोडतील. तेव्हा हसली.

यांनाही मी अशीच मागायचे. डोकं दुखलं, द्या तुमची एक. पाठ दुखली, द्या. हे म्हणायचे, "माझा सदरा तुला होतो का?" नाही. "मग?" किती वेळा ऐकलं, आणि मला वाटायचं, विनोद करतायत.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज डबा मी भरला. गुंडी समोर हाताची घडी घालून, परीक्षा घेणाऱ्या बाईसारखी. जुनं पाकीट, नवं पाकीट, अक्षर न् अक्षर. आधी सकाळचे सात, पाकीट बंद, मगच दुसरं पाकीट उघडलं. उरलेल्या पट्टीतच राहिल्या, नावासकट. तिने एकदाही हात लावला नाही.

मग वही मागितली. पंधरा तारखेचं पान आलं. "राहिली" वाचलं. मी भिंतीकडे बघत बसले.

"आई, हे तू लपवू शकली असतीस."

"असते की."

वही मिटली. चहा टाकायला उठली. तिच्या बापासारखीच उठते, गुडघ्यावर हात ठेवून.

२ मार्च, शनिवार

पास! तीन महिन्यांची सरासरी अजून थोडी वर आहे म्हणाल्या, ती काय एका महिन्यात उतरत नाही. पण रोजचे आकडे चांगले, मूत्रपिंड ठीक. सकाळची गोळी अर्धी केली. आकडे चांगले आले म्हणून मनाने बंद करायची नाही, हेही बजावलं. मी म्हटलं, बाई, आता मी मनाने काही करत नाही, नाव वाचूनच करते.

गुंडीने बाहेर येऊन मिठी मारली, रस्त्यात! "राहा बाई तुझ्या खोलीत," म्हणाली. "पण फोन रोज."

कारखान्यात जाऊन यांच्या टेबलावरचं एक पोतं उचललं आणि खाली ठेवलं. तेवढी जागा मोकळी केली. मास्तरांनी बघितलं.

३ मार्च, रविवार

गुंडी सकाळीच आली. म्हणे नाश्ता इथेच करणार, अजून काही खाल्लं नाही. आल्या आल्या तीन पेले पाणी प्यायली. मी बोट टोचायला बसले होते. माझी ११८. ती म्हणाली, "आई, केवढं तोंड करतेस, मुंगी चावल्यासारखं तर असतं!" म्हटलं, मग तू टोच ना! नवी सुई लावून दिली. हसत हसत बोट पुढे केलं तिने.

२४३.

म्हटलं, हाताला काही गोड लागलं असेल. साबणाने धुवायला लावलं, पुसलं, दुसरं बोट. २३९.

"तुझं मशीन बिघडलंय." पर्स उचलली. म्हटलं, थांब, मी पुन्हा टोचते माझं. टोचलं. १२०. तिने आकडा बघितला आणि चपला घातल्या. नाश्ता तसाच राहिला. जिन्यातून म्हणाली, "यांना सांगू नकोस." यांना म्हणजे जावईबापूंना.

अंगावर ड्रेस सैल झालाय तिच्या. रोज माणसांची मापं बघणारी बाई मी. महिनाभर स्वतःचेच आकडे बघत बसले.

४ मार्च, सोमवार

तीनदा फोन केला, उचलत नाही. शेवटी बोलून निरोप ठेवला. जसाच्या तसा इथे लिहिते, नंतर "असं तू म्हणालीच नाहीस" नको.

"गुंडे, मशीन चांगलं आहे. सकाळी उपाशी डॉक्टरीणबाईंकडे जा आणि रक्त दे. माझी गोळी घेऊन बघायची नाही, आणि घाबरून जेवणही सोडायचं नाही. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत मला आकडा कळला पाहिजे. नाही कळला, तर शुक्रवारी खोलीची किल्ली मालकिणीला देते, मास्तरांना राम राम करते आणि ट्रंक घेऊन तुझ्या दारात उभी राहते. पलंग आहेच. गुरुवार, सहा वाजता. सांग, तू जातेस, की मी येऊ?"